तापलं की दुधी, कापलं की सांधतं: तापमानासोबत रूप बदलणारी हायड्रोजेल

आमच्या हिवरखेडच्या (तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला) घराची मागची खोली टिनाची आहे. उजेड यावा म्हणून बाबांनी टिनांच्या मधे एक पारदर्शक फायबरचा पत्रा बसवला. थंडीत आणि पावसाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही, दिवसा लाइट लावावा लागत नाही. पण मार्च संपला की त्याच पत्र्यातून ऊन थेट खाटेवर येतं. मग आजीचं सुरू होतं, "टिनावर पोतं टाकलं का रे, लय तपून रायलं." कोणीतरी शिडी लावून वर चढतो, ओलं पोतं पसरतो, वर विटा ठेवतो. जूनमध्ये परत चढून ते काढायचं. दोन वर्षांपूर्वी असंच पोतं टाकताना काका घसरले आणि मनगट मोडून दीड महिना घरी बसले.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. ऊन वाढलं की स्वतःच पांढरा होईल आणि गार झालं की पुन्हा पारदर्शक होईल असा पत्रा का नसावा? शोधायला गेलो तर असं मटेरियल खरंच आहे, आणि त्याची गोष्ट पुण्यापर्यंत येते. हा लेख त्याच मटेरियलबद्दल आहे: तापमानानुसार प्रकाशाशी वागणं बदलणारी आणि तुटल्यावर स्वतःच सांधणारी हायड्रोजेल.

थोडक्यात

- हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांचं जाळं आणि त्यात धरून ठेवलेलं भरपूर पाणी.
- काही हायड्रोजेल ठरावीक तापमानाच्या खाली पारदर्शक असतात आणि वर गेल्या की दुधी होतात. गार केल्या की पुन्हा पारदर्शक.
- काही हायड्रोजेल कापल्या तरी तुकडे एकमेकांना टेकवले की सांधतात.
- हे दोन्ही गुण एकाच जेलमध्ये आणणं शक्य आहे, पण सोपं नाही.
- मुख्य उपयोग: वीज न लागणाऱ्या 'स्मार्ट' खिडक्या. मुख्य अडचण: जेल वाळणं.

हायड्रोजेल म्हणजे काय?

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं. ते आवरण म्हणजे निसर्गाने बनवलेली हायड्रोजेलच. आत लांब लांब रेणूंच्या साखळ्या असतात. त्या पाण्याला धरतात, पण एकमेकींना जागोजागी अडकलेल्या असल्यामुळे पाण्यात विरघळून जात नाहीत. माशांच्या जाळ्यासारखं समजा, फक्त जाळ्यात मासे नसून पाणी अडकलंय. वजनाने पाहिलं तर कित्येक हायड्रोजेलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तरी ती हातात धरता येते.

आपण रोज हायड्रोजेल वापरतो. बाळाच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे असतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हीसुद्धा हायड्रोजेल. चेकोस्लोव्हाकियाचे ओटो विख्तरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी 1960 साली अशा जेलबद्दल शोधनिबंध लिहिला, आणि 1961 च्या नाताळात विख्तरलेंनी घरच्या स्वयंपाकघरात मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांपासून यंत्र जोडून पहिल्या लेन्स ओतल्या.

शेतकरी कुटुंबातल्या वाचकांना हा शब्द वेगळ्या कारणाने ओळखीचा असेल. मातीत ओल धरून ठेवण्यासाठी जे दाणे टाकतात, तीही हायड्रोजेलच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, 'जलशक्ती' नावाचं असं पाणी शोषणारं पॉलिमर विकसित केलं होतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा हायड्रोजेल' त्याच जातीचं. पण आपण इथे ज्या जेलबद्दल बोलतोय ती याच कुटुंबातली असली तरी तिचं काम वेगळं आहे.

तापल्यावर पांढरी का होते?

घरातलं तूप आठवा. थंडीत थिजलं की पांढरं, उन्हात ठेवलं की स्वच्छ पारदर्शक. आपल्या जेलचं बरोबर उलटं आहे: गार असताना पारदर्शक, गरम झाली की पांढरी. अंड्याचा पांढरा भागही तापवल्यावर पांढरा होतो, पण तो परत मागे येत नाही. ही जेल परत येते, आणि सगळी गंमत त्या परत येण्यात आहे.

यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं पॉलिमर म्हणजे पॉलि एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलअमाइड. नाव लांब आहे, म्हणून सगळे त्याला 'पीनायपाम' म्हणतात. त्याच्या साखळीवर दोन स्वभावांचे गट असतात. एक अमाइड गट, ज्याला पाणी आवडतं. दुसरा आयसोप्रोपिल गट, तेलासारखा, ज्याला पाण्याचा कंटाळा. एकाच घरात दोन स्वभावाची माणसं.

गार असताना अमाइड गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडतो. तेलकट गटाभोवतीही पाण्याचे रेणू शिस्तीत रांग लावून उभे राहतात. साखळी पाण्यात मोकळी पसरलेली असते. पण शिस्तीत उभं राहणं पाण्याला महाग पडतं. बारावीत शिकलेलं समीकरण इथे कामाला येतं: मुक्त ऊर्जेत एन्ट्रॉपीची किंमत तापमानाने गुणली जाते. म्हणजे जसजसं तापमान वाढतं, तसतशी पाण्याला त्या रांगेची किंमत वाढत जाते. एका टप्प्यावर पाणी रांग मोडून निघून जातं. तेलकट गट एकमेकांना चिकटतात, पसरलेली साखळी आकसून गोळा होते. पीनायपामसाठी हा टप्पा साधारण 32 अंश सेल्सिअसला येतो. कॅनडातले हेस्किन्स आणि गिलेट यांनी 1968 मध्ये हे वागणं नोंदवलं. पुढे 1978 मध्ये एमआयटीचे तोयोइची तानाका यांनी दाखवलं की जेलचं आकारमान अशा टप्प्यावर हळूहळू नाही, तर एकदम बदलू शकतं.

आता पांढरेपणा. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, तर कोरड्या पॉलिमरचा साधारण 1.5. साखळ्या पाण्यात सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात तेव्हा प्रकाशाला सगळं एकसारखंच दिसतं, म्हणून तो सरळ निघून जातो. साखळ्यांचे गोळे झाले की जागोजागी 'इथे पॉलिमर जास्त, इथे पाणी जास्त' असे ठिपके तयार होतात. या ठिपक्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास आला की प्रकाश प्रत्येक ठिपक्यावर वळतो आणि चहूबाजूंना विखुरतो. दूध पांढरं दिसण्याचं, धुकं पांढरं दिसण्याचं कारणही हेच. दुधात पांढरा रंग घातलेला नसतो, फक्त स्निग्धांशाचे आणि प्रथिनांचे बारीक कण असतात.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की 'तापमान 32 च्या वर गेलं तर पांढरं हो' ही एक साधी अट आहे. पण ती चालवायला सेन्सर नाही, वायर नाही, बॅटरी नाही. अट रेणूतच लिहिलेली आहे. लोडशेडिंग असलं तरी चालते.

कापल्यावर सांधते कशी?

साध्या जेलमध्ये साखळ्या एकमेकींना पक्क्या सहसंयुज बंधांनी जोडलेल्या असतात. ते तुटले की तुटले. बर्फीचे दोन तुकडे कितीही दाबून धरले तरी फट राहतेच, तसं. स्वतः सांधणाऱ्या जेलमध्ये पक्क्या गाठींऐवजी (किंवा गाठींसोबत) सोडता-बांधता येणारे बंध असतात. असे बंध मुख्यतः चार प्रकारचे:

1. हायड्रोजन बंध. एकटा बंध कमजोर, पण हजारो मिळून बळकट. वेल्क्रोच्या पट्टीसारखं.
2. धातूच्या आयनांमार्फत जोड. तांबं किंवा लोह यांचा आयन दोन साखळ्यांमधल्या गटांना एकाच वेळी धरतो.
3. बोरेट बंध. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि बोरॅक्स एकत्र आले की हे तयार होतात. सतत सुटत आणि जुळत राहतात. मुलं खेळतात तो 'स्लाइम' याच तत्त्वावर बनतो. कापा आणि परत चिकटवा.
4. चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे. साखळ्या त्या पापुद्र्यांच्या पृष्ठभागाला अनेक ठिकाणी चिकटतात, एका ठिकाणी सुटल्या तर दुसरीकडे चिकटतात.

सांधण्यासाठी दोन गोष्टी लागतात. कापलेल्या कडेवर मोकळे 'हात' हवेत आणि साखळीला समोरच्या कडेपर्यंत पोहोचता यावं इतकी हालचाल हवी. म्हणूनच पाण्याने भरलेली मऊ जेल पटकन सांधते, आणि वाळून कडक झालेली जेल सांधत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुण्यातलं काम: एनसीएल आणि माशेलकर

सांधणाऱ्या जेलच्या इतिहासात पुण्याच्या एनसीएलचं नाव ठळक आहे. गोव्यातल्या माशेलला 1943 साली जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर 1989 ते 1995 या काळात एनसीएलचे संचालक होते. बहुतेकांना ते हळदीच्या पेटंटच्या लढ्यामुळे माहीत असतात, पण त्यांचं स्वतःचं संशोधन पॉलिमर आणि जेलमधलं. त्यांच्यासोबत काम करणारे डॉ. आशिष लेले पुढे 2021 मध्ये एनसीएलचेच संचालक झाले. तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या जेल पाणी कशा धरतात आणि सोडतात, यात हायड्रोजन बंधांचा हिशेब कसा मांडायचा, यावरही या गटाने काम केलं.

याच गटात पीएच.डी. करणाऱ्या श्यायनी वर्गीस यांनी एक वेगळं जेल घेतलं. त्याच्या प्रत्येक साखळीवर बाजूला लोंबणारी छोटी शेपटी होती: अमिनोकॅप्रोइक आम्लाची. नायलॉन-6 ज्या घटकापासून बनतं त्याच्याच नात्यातला हा रेणू. शेपटीच्या मधला भाग तेलकट आणि टोकाला पाणी आवडणारा आम्लगट. हे जेल तांब्याच्या आयनांच्या द्रावणात ठेवल्यावर स्वतःहून नवी रचना घेतं, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. धातूच्या आयनांच्या मदतीने कापलेले तुकडे सांधतात, यावरचा निबंध 2006 चा.

पुढे वर्गीस अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या. 2012 मध्ये त्यांच्या गटाचा निबंध अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. सहलेखकांत माशेलकर आणि लेले होते. या वेळी धातूचीही गरज नव्हती. जेल आम्लधर्मी पाण्यात असली की तुकडे काही सेकंदांच्या स्पर्शात जोडले जात. पाणी अल्कधर्मी केलं की जोड सुटे. कारण सोपं आहे: आम्लात शेपटीच्या टोकावर हायड्रोजन असतो, म्हणून दोन्ही कडांच्या शेपट्या हायड्रोजन बंधाने हात मिळवतात. अल्कात तो हायड्रोजन निघून जातो, टोकं ऋणभारित होतात आणि एकमेकांना ढकलतात.

यातली खरी शिकवण शेपटीच्या लांबीत होती. शेपटी फार आखूड असली तर समोरच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. फार लांब असली तर तेलकट भाग एकमेकांत गुंतून बसतो आणि टोकं आतच अडकतात. मधली लांबीच कामाची. आम्ल गळणाऱ्या भांड्याचं भोक बंद करणं हा त्यांनी दाखवलेला एक उपयोग. पोटातल्या जखमेसारख्या आम्लधर्मी जागी चिकटणारं औषधी जेल हा सुचवलेला दुसरा.

दोन्ही गुण एकत्र आणताना काय अडतं?

आतापर्यंत दोन वेगळ्या जेल पाहिल्या. एक रंगरूप बदलणारी, एक सांधणारी. दोन्ही एकात हव्यात, आणि इथे भांडण सुरू होतं.

दुधी होण्यासाठी साखळ्यांनी आकसून पाणी सोडायला हवं. सांधण्यासाठी साखळ्या मोकळ्या आणि ओल्या असायला हव्यात. म्हणजे दुपारी बाराला, जेव्हा जेल पूर्ण पांढरी असते, तेव्हाच ती सांधण्याच्या बाबतीत सगळ्यात कमजोर असू शकते. शिवाय रोज आकसणं आणि फुगणं चालू राहिलं की काचेपासून जेल सुटते, कडेला भेगा पडतात. म्हणजे सांधण्याची गरजही याच जेलला जास्त.

यावर संशोधकांनी काढलेले मार्ग असे:

चिकणमाती वापरा. जपानच्या कावामुरा रासायनिक संशोधन संस्थेतले काझुतोशी हारागुची यांनी 2002 च्या सुमारास पीनायपामच्या साखळ्या रासायनिक गाठींऐवजी चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांना जोडल्या. जेल अनेक पट ताणता येऊ लागली आणि तापमानाला प्रतिसादही टिकला. अशा चिकणमातीच्या जेल कापल्यावर सांधतात, हे त्यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं.

कामं वाटून द्या. एक जाळं फक्त सांधण्यासाठी ठेवायचं, उदाहरणार्थ पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि बोरॅक्सचं. त्याच्या आत तापमान ओळखणाऱ्या पॉलिमरचे बारीक कण सोडायचे. कण आकसतात, पांढरे होतात, पण बाहेरचं जाळं ओलं आणि हालतं राहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एका मोठ्या प्रोग्रॅमचे दोन मॉड्यूल केले.

पॉलिमर बदला. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हे लाकूड-कापसातल्या सेल्युलोजपासून बनतं आणि औषधाच्या गोळ्यांमध्येही वापरतात. ते साधारण 40 ते 45 अंशांच्या दरम्यान दुधी होतं. पाण्यात मीठ मिसळलं की हा आकडा खाली आणता येतो. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला हे नातं लक्षात राहण्यासारखं आहे.

खिडकीत किती फरक पडतो?

आधी साधा हिशेब. भर दुपारी निरभ्र आकाशात जमिनीवर प्रत्येक चौरस मीटरला साधारण 1000 वॉट सूर्यऊर्जा येते. आमचा फायबरचा पत्रा 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे 1.67 चौरस मीटर. त्यातली 85 टक्के ऊर्जा आत आली असं धरलं, तर 1400 वॉट. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी खोलीत दीड किलोवॉटच्या आसपासचा हिटर लावून ठेवल्यासारखं. त्यातली 70 टक्के ऊर्जा परतवली तर हिटर 420 वॉटचा राहतो.

70 टक्के हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. एमआयटी आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी पीनायपामच्या नात्यातल्या पॉलिमरचे सूक्ष्म कण दोन थरांमध्ये भरले आणि येणाऱ्या सूर्याच्या उष्णतेपैकी सुमारे 70 टक्के परतवता येते असं सांगितलं. हा निबंध 'जूल' या नियतकालिकात 2019 च्या अंकात आहे. त्यांची युक्ती कणांच्या आकारात होती. सूर्याची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते, आणि नेहमीचे बारीक कण तिला अडवत नाहीत. म्हणून त्यांनी आकसल्यावरही 500 नॅनोमीटरच्या आसपास राहतील असे मोठे कण बनवले.

सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये दुसरा फायदा दाखवला. त्यांनी दोन काचांमध्ये हायड्रोजेलवर आधारलेलं द्रव भरलं. पाणी भरपूर असल्याने ते दिवसा उष्णता साठवतंही. काही इमारतींमध्ये ऊर्जेची बचत 45 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असा त्यांचा अंदाज होता.

तुलनेसाठी, काचेवर चढवायचं व्हॅनेडियम डायऑक्साइड हे या क्षेत्रातलं जुनं नाव. त्याचा बदल 68 अंशांना होतो, हे 1959 पासून माहीत आहे. टंगस्टन मिसळून आकडा खाली आणावा लागतो आणि काचेला पिवळट छटा येते. हायड्रोजेल इथे सरस ठरते: गार असताना ती जवळपास पाण्याइतकी स्वच्छ असते.

आणखी एक शंका नेहमी येते: पांढरी झाली की खोलीत अंधार होणार का? नाही. विखुरलेल्या प्रकाशातला काही भाग बाहेर परततो, पण बराच भाग विखुरलेल्या रूपातच आत येतो. बाहेरचं दृश्य दिसत नाही, उजेड मात्र मऊ होऊन येतो. दुधी काचेच्या बाथरूमसारखा.

वऱ्हाडासाठी आकडा कोणता?

इथे परदेशातली उत्तरं जशीच्या तशी चालत नाहीत. 32 अंश हा आकडा थंड देशांत छान आहे. अकोल्याकडे पाहा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि रात्रीही 28-30 च्या खाली सहज उतरत नाही. त्यात उन्हात असलेली काच हवेपेक्षा कित्येक अंश जास्त तापते. म्हणजे 32 अंशांची जेल एप्रिल-मे मध्ये सकाळी लवकर पांढरी होईल आणि रात्री उशिरापर्यंत तशीच राहील. ते चालेल. पण डिसेंबरच्या दुपारी हवा 28 अंश असताना उन्हातली काच 35 ला गेली तर तेव्हाही जेल पांढरी होईल, जेव्हा आपल्याला ऊन हवं असतं. आणि पावसाळ्यात काच 31-32 वर घुटमळत असेल तर खिडकी दिवसभर अर्धवट धूसर राहील.

म्हणून आपल्याकडे हा टप्पा 38 ते 40 अंशांच्या आसपास असावा असं माझं मत आहे. तो हलवता येतो. पाणी आवडणारा घटक साखळीत थोडा मिसळला की टप्पा वर जातो, तेलकट घटक मिसळला की खाली. मिठानेही खाली येतो. म्हणजे एकाच कंपनीने सिमल्यासाठी, मुंबईसाठी आणि अकोल्यासाठी वेगळी जेल बनवायला हवी. जाहिरातीत फक्त 'स्मार्ट काच' लिहिलेलं असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा: किती अंशांना बदलते?

खऱ्या अडचणी

वाळणं. जेलमध्ये पाणीच नसेल तर काहीच चालत नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडी जेल काही तासांत पापड होते. म्हणून ती दोन काचांमध्ये हवाबंद करावी लागते, आणि सगळं आयुष्य कडेच्या सीलवर अवलंबून राहतं. सांधणारी जेल आतली भेग भरते, पण सीलमधून गेलेलं पाणी परत आणत नाही.

वजन. दोन काचा आणि मधे पाणी. भिंतीतल्या खिडकीला ठीक, टिनाच्या हलक्या छपराला अवघड.

सुरक्षितता. तयार पॉलिमरपेक्षा त्याचे सुटे घटक, म्हणजे मोनोमर, जास्त घातक असतात. ॲक्रिलअमाइडचा मोनोमर मज्जासंस्थेसाठी विषारी आहे. म्हणून पीनायपाम किंवा तत्सम जेल घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नये.

दिवसेंदिवस वापर. प्रयोगशाळेत शंभर वेळा गरम-गार केलेली जेल आणि दहा उन्हाळे काढलेली जेल यांत फरक आहे. अतिनील किरणं साखळ्या तोडत राहतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काच फुटली तर ही जेल काच जोडेल का?*
नाही. सांधते ती जेल. काच फुटली तर तुकडे जेलला चिकटून राहू शकतात इतकंच.

*रंगीत होते का, की फक्त पांढरीच?*
बहुतेक पांढरीच, कारण हा रंग नसून विखुरणं आहे. पण हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचं खूप दाट द्रावण मोरपिसासारखे रंग दाखवतं आणि तापमानासोबत ते रंग बदलतात.

*हे तत्त्व घरी बघता येईल का?*
सांधणं बघता येईल. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असलेल्या पारदर्शक गोंदात बोरॅक्सचं पातळ द्रावण हळूहळू घाला, ढवळा, गोळा तयार झाला की कात्रीने कापा आणि तुकडे टेकवून ठेवा. बोरॅक्स तोंडात किंवा डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलांना एकटं करू देऊ नका.

*शेतात टाकायचं हायड्रोजेल खिडकीत भरलं तर?*
ते फक्त पाणी धरतं. तापमानाला पांढरं होण्याचा गुण त्याच्यात नाही.

मग पोत्याचं काय?

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या घराचा हिशेब परत मांडला, आणि उत्तर जरा जमिनीवर आणणारं निघालं. फायबरच्या पत्र्यातून येणारी उष्णता खरी, पण खोलीचं बाकी छप्पर टिनाचंच आहे. ते दुपारी हात लावता येणार नाही इतकं तापतं आणि खाली भट्टीसारखी आच सोडतं. तिथे जेलचं काही काम नाही. तिथे चुना हवा. चुन्याचा पांढरा थरही ऊन विखुरतोच, फक्त तो बारा महिने पांढरा असतो. छपराला ते चालतं, कारण छपरातून आपल्याला बाहेर पाहायचं नसतं.

आपल्याकडची जुनी माणसं हा फरक ओळखून होती. धाब्याच्या घराला वर मातीचा जाड थर, आणि दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. छपराला कायमचा उपाय, खिडकीला गरजेप्रमाणे बदलणारा उपाय. ताटीवर पाणी मारलं की ती गार करते, संध्याकाळी गुंडाळून ठेवता येते. हायड्रोजेलची खिडकी म्हणजे पाणी आत धरून ठेवणारी आणि कोणी गुंडाळायला न लागणारी ताटीच. शाळेच्या, दवाखान्याच्या, बसस्टँडच्या काचेच्या खिडक्यांसाठी ती आली तर मला आनंदच होईल.

आमच्या खोलीसाठी मात्र यंदा आम्ही टिनांना चुना मारला, आणि फायबरच्या पत्र्यावर हिरव्या शेडनेटचा तुकडा दोरी आणि दोन कप्प्यांवर बसवला. खालूनच ओढता येतो. आजी स्वतः ओढते. शिडी आता गोठ्यात पडून आहे, आणि तिच्यावर चढून कोणाला पोतं टाकावं लागत नाही.